मनोऱ्याच्या कमरेतील झाडूखोली फत्ते जाहली त्याची हकीकत

आकाशास मनोरे लावणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जातात, आणि त्या आकाशाच्या व दगडाच्या मधल्या मुलखात जो मनुष्य बसून संडासांचे नकाशे काढतो त्याची कोणी विचारपूसही करीत नाही. ऐसे असता, कोणी फर्माविले नसताही, पुढे तंटा राहू नये आणि खरे काय घडले ते मागाहून येणारांस कळावे, म्हणून ही हकीकत बैजवार लिहून ठेविली असे. यात पदरचे काही घातले नाही. जेथे नायकाची फजिती जाहली तेथे फजितीच लिहिली आहे, आणि ती ठायीठायी जाहली आहे.

इमारतींचे नकाशे करणारी एक थोर कंपनी होती. तिचा अंमल चार खंडांत आणि कचेऱ्या अकरा शहरांत. तख्तावर थोरले साहेब. त्यांची स्वारी वर्षाचे बहुतेक दिवस विमानातच असे, आणि तेथून ते कागदावर एक रेघ ओढून पाठवीत, ती रेघ म्हणजे मनोरा. मग त्या रेघेच्या पोटात माणसांनी चढावे कोठून, उतरावे कोठून आणि हात कोठे धुवावे, याची तजवीज करण्यास तीनशे मनसबदार आणि कारकून रात्रंदिवस खपत.

त्यांपैकीच एक गाभेकर. हे आडनाव नव्हे, कचेरीने दिलेला किताब. मनोऱ्याच्या मधोमध जो काँक्रीटचा गाभा असतो, ज्यात लिफ्ट, जिने, नळ, तारा आणि संडास कोंबलेले असतात, तो यांच्या तैनातीत. पंधरा वर्षांत सात मनोऱ्यांचे गाभे यांनी सर केले. लोक मनोऱ्याचे फोटो काढीत, आणि त्यात गाभा दिसत नसे. तो दिसू नये हीच करामत, ऐसे गाभेकर मेजवान्यांत सांगत, आणि ऐकणारा हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरके.

एक मात्र दौलत त्यांच्यापाशी होती. हात धुण्याच्या जागेसमोर त्यांनी एके काळी एक गोल कोनाडा काढिला होता, अडीच फूट खोल, वरून उजेड पडे आणि खाली एक फुलदाणी. त्याचा फोटो एका मासिकात काडेपेटीएवढा छापून आला, खाली नाव नव्हते. तो कापून चौकटीत बसवून त्यांनी घरी लाविला होता. यंदाच्या चौऱ्याहत्तर मजली मनोऱ्यात तोच कोनाडा प्रत्येक मजल्यावर घालण्याची परवानगी त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळविली होती.

ऐशात विमानातून थोरल्यांचे फर्मान आले की, मनोऱ्याची कंबर चाळिसाव्या मजल्यापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत जाड दिसते, सबब दीड फूट बारीक करावी, जागा कोणाची जाते ते आपसांत पाहून घ्यावे. कचेरीत हलकल्लोळ जाहला. लिफ्टवाल्यांनी वेगाची ढाल पुढे केली. जिनेवाल्यांनी आगीचा कायदा दाखविला. हवेच्या नळांवाल्यांनी इतके आकडे फेकले की कोणी त्यांच्या वाटेस गेले नाही. राहिली झाडूखोली, पाच फूट बाय सहा फूट, जीत फरशी पुसण्याचे सामान राहते. तिला ना कायदा, ना वाली. गाभेकरांनी चाळीस मिनिटांत तिजवर चाल केली आणि साडेतीन बाय सहा करून नकाशा दाखल केला, साऱ्या कचेरीत पहिला. मोहिमेच्या प्रमुख बाई, ज्यांस कचेरी सरलष्कर म्हणे, त्यांनी सर्वांस कळेल ऐशा रीतीने ईमेलीतून वाहवा केली. गाभेकरांनी ती तीन वेळा वाचली, आणि मग बायकोस पाठविली.

दुसरे दिवशी सकाळी सव्वासातास स्वारी कचेरीत हजर जाहली, ती बहुधा वाहवा पुन्हा ऐकावयास. परंतु त्या समयी तेथे सफाईच्या मावशींखेरीज कोणी नव्हते. मावशी सहा महिन्यांमागे कामास लागलेल्या, वयाने पन्नाशीच्या, उजवा खांदा किंचित खाली. टेबल पुसता पुसता त्यांची नजर नकाशावर गेली.

“हे काय, साहेब? कपाट का?”

“ही तुमची खोली, मावशी. सफाईची,” गाभेकर कौतुकाने बोलिले, जणू इनाम देत होते.

मावशींनी बोट ठेविले. “दार आत उघडतं?”

“हो.”

“मग तसलीच.”

“तसलीच म्हणजे?”

“मी आधी कालव्याकाठच्या उंच बिल्डिंगमध्ये होते ना, आठ वर्षं. तिथंही असलीच खोली. सफाईची गाडी आत घातली की दार लागत नाही, आणि दार लावलं की नळाखाली बादली बसत नाही. मग आम्ही हात धुवायच्या बेसिनमधून मगानं बादली भरायचो. मागं बायका खोळंबलेल्या. भरलेली बादली उचलून बाहेर काढायची, दिवसाला चोवीस वेळा. माझा खांदा तिथंच गेला.” मग फडके पिळीत म्हणाल्या, “ज्यानं तो नकाशा काढला ना, त्याला एकदा भेटायचंय मला.”

कालव्याकाठचा मनोरा हा गाभेकरांच्या सातांपैकी दुसरा. त्यांनी क्षणभर मसलत केली, आणि आज हवा बरी आहे ऐसे उत्तर दिले.

त्या दिवशी गाभेकरांनी सातही मनोऱ्यांचे जुने नकाशे उघडले. सातही ठिकाणी दार आत उघडत होते, कारण पहिली झाडूखोली त्यांनी सव्विसाव्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत काढिली होती, आणि पुढच्या साही त्या पहिलीवरून उतरविल्या होत्या. तोवर त्यांनी आयुष्यात पोछा हाती धरिला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. सात मनोरे मिळून मजले तीनशे अठरा निघाले. मग त्यांनी संगणक मिटला.

घरी बायको शाळेचे पेपर तपासीत होती. तिला सारे सांगितले.

“मग सांगितलंस त्यांना?”

“काय सांगायचं?”

“की तो तूच म्हणून.”

“त्यानं त्यांचा खांदा बरा होणार आहे का?”

“नाही,” ती पेपर उलटीत म्हणाली, “पण तुझं तोंड उघडेल. आल्यापासून मिटलंय.”

तेव्हा गाभेकरांनी मनाचा हिय्या केला, आणि दोन दिवस तो हिय्या तसाच ठेविला, आणि तिसरे दिवशी सकाळी मावशींपुढे जाऊन उभे राहिले आणि बोलिले, “मावशी, ती कालव्याकाठची खोली मी काढली होती.”

मावशींनी गाडी थांबविली. त्यांस वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तुम्ही होय. मला वाटायचं कोणी तरी फार बारीक माणूस असेल.” मग फडके गाडीच्या दांडीवर टाकिले. “आठ वर्षं शिव्या घातल्यात मी तुम्हाला. रोज.”

“बरोबर आहे.”

“आता समोर आलात म्हणून त्या परत घेत नाही.”

“नका घेऊ,” गाभेकर बोलिले, “पण ही नवी खोली सुधारायची आहे. मला काहीच माहीत नाही. दाखवाल का?”

मावशी गाडी ढकलीत निघून गेल्या. तो दिवस गाभेकरांस फार जड गेला.

तरी त्यांनी मोहीम मांडिली. प्रथम एक लांबलचक खलिता लिहून त्रेचाळीस जणांस धाडिला की, झाडूखोली कापण्यात माझीच चूक जाहली, ती परत मोठी करावी. त्यास एकतीस जणांकडून काहीच आले नाही, अकरा जण रजेवर असल्याचे यंत्राने कळविले, आणि एकाने विचारिले की झाडूखोली म्हणजे कोणती. मग दरबारी बैठकीत विषय घातला, तो एकोणिसावा; आणि बैठक सतराव्या विषयावर, तळमजल्याच्या फरशीचा रंग ढगासारखा की धुरासारखा, यावर खर्ची पडली. पुढच्या आठवड्यात विषय बाविसावा गेला. लिफ्टवाले हसून म्हणाले की, गाभेकर स्वतःच जिंकलेला किल्ला स्वतःच परत मागतात. आणि ते खरेच होते.

तेव्हा त्यांनी कागद सोडिला. कॉफीच्या यंत्राकडे जाणाऱ्या वाटेवर, जेथून साऱ्या फौजेस जावेच लागे, तेथे त्यांनी निळी चिकटपट्टी घेऊन साडेतीन बाय सहाची झाडूखोली फरशीवर पूर्ण मापाने आखिली, पुठ्ठ्याचे दार लाविले, नळाच्या जागी खुर्ची मांडिली, आणि सरलष्कर बाई कॉफीस आल्या ते समयी सफाईची गाडी घेऊन आत शिरून दाखवू लागले. गाडी खुर्चीस अडली, गाभेकर दाराच्या आणि गाडीच्या बेचक्यात सापडले, त्यांच्या अंगरख्याचे टोक चाकात गेले, आणि पुढे ना मागे ऐसी अवस्था होऊन ते सारी कचेरी पाहत असता तेथेच उभे राहिले.

गर्दीतून मावशी पुढे आल्या. अंगरखा सोडविला. “सरका, साहेब,” म्हणाल्या. मग गाडी मागून घातली, बादली काढली, गुडघ्याने दार रेटले, वाकून बादली खुर्चीखाली नेली, ती बसेना, मग उचलून छातीशी धरिली आणि पाय आडवा टाकून दाराबाहेर आल्या. बादलीत पाणी होते. ते थोडे सरलष्करांच्या बुटांवर सांडले.

सरलष्कर बुटांकडे न पाहता म्हणाल्या, “हे रोज किती वेळा?”

“मजल्याला चार. एका बाईकडे सहा मजले.”

“द्या,” ऐसे म्हणून बाईंनी बादली आपल्या हाती घेतली, आणि आखलेल्या खोलीत शिरून बाहेर आल्या, आणि पुन्हा शिरून बाहेर आल्या. मग बादली खाली ठेवून मनगट चोळीत विचारिले, “किती हवं?”

“सहा बाय सहा,” मावशी म्हणाल्या, “आणि दार बाहेर.”

त्याच दुपारी पडद्यावर थोरल्यांशी वाटाघाट जाहली. थोरल्यांचे फर्मान ऐसे जे, माणुसकीस आमची ना नाही, मात्र कंबर तसूभर वाढणार नाही, सबब ही अडीच फूट जागा कोणी तरी सोडावी. सारे सरदार आपापल्या कागदांत पाहू लागले. गाभेकरांच्या मुलखात अडीच फूट खोलीची एकच चीज होती. त्यांनी एकवार डोळे मिटून घेतले, आणि म्हणाले की, कोनाडा काढून टाकावा. सरलष्करांनी पुन्हा विचारिले, खात्री आहे ना. खात्री नव्हती. ते हो म्हणाले. थोरल्यांनी विचारिले, कोणता कोनाडा. त्यावर तह मंजूर जाहला.

संध्याकाळी गाभेकरांनी एकोणीस मजल्यांवरचे एकोणीस कोनाडे एकेक करून पुसले. सारे एकदम पुसण्याची कळ संगणकात होती, ती त्यांनी दाबिली नाही.

सकाळी नवा नकाशा मावशींस दाखविला. त्यांनी दार पाहिले, नळ पाहिला, बोटाने गाडी आत नेऊन बाहेर काढिली, आणि बरे आहे म्हणाल्या; आणि गाभेकरांस ते मासिकातल्या फोटोहून थोर वाटले. मग मावशींनी विचारिले, “आणि बसायचं कुठं?”

गाभेकरांनी नकाशा पुन्हा आपल्याकडे ओढिला. यासाठी बैठक मागितली असती तर विषय तिसावा जाता. त्यांनी सरलष्करांस विचारिले नाही, थोरल्यांस विचारिले नाही, पेन उचलिला आणि मागल्या भिंतीस एक आडवी रेघ ओढिली, तीन फूट लांब. ही काय म्हणून पुढे लिफ्टवाल्यांनी पुसले, त्यास सामानाची फळी, ऐसा जबाब लिहून दिला.

येणेप्रमाणे मोहीम तडीस जाऊन कागदोपत्री मोर्तब जाहले, ते ऐसे: दुरुस्ती चौदावी. मजले एकोणीस. झाडूखोली सहा बाय सहा, दार बाहेर. नळ एक, खाली भरली बादली बसते, समक्ष पाहिले. फळी एक, जमिनीपासून सव्वा फूट, एका माणसाचे वजन पेलेल ऐसी. तिच्या मागची भिंत मोकळी ठेवावी, तेथे खिळा, खुंटी, काही मारू नये.