भिवराची हजेरी

एका जंगलात सगळे प्राणी आनंदी होते, मुलांनो. तसा सिंहमहाराजांचा हुकूमच होता.

तरीही त्या जंगलात भिवरा नावाची एक भेकरी होती. भेकर म्हणजे छोटं, बुजरं हरीण. उन्हाळ्यात टेकडीच्या उतारावर वणवा लागला, त्यातून भिवरा कशीबशी पळून वाचली. अंगाला चटकासुद्धा बसला नाही. पण तेव्हापासून एखादं वाळकं पान जरी वाजलं, तरी तिच्या छातीत धडधडायचं. पाय जागीच थिजायचे.

ती करवंदीच्या जाळीत जाऊन बसली, ती बसलीच. चरायला जाईना. कुणाशी बोलेना. जाळीजवळ एक डबकं होतं, त्यातलं पाणी पिऊन दिवस काढायची. मोठा पाणवठा होता जळक्या उताराच्या पलीकडे. तिकडे जायचं नुसतं मनात आलं तरी तिला घाम फुटायचा.

आणि डबकं तर रोज थोडं थोडं आटत होतं.

अशी उदास जनावरं जंगलात आणखीही होती. महाराजांच्या कानावर ते गेलं. महाराज म्हणाले, "आमच्या राज्यात उदास? लगेच वर्ग काढा."

वर्ग निघाला. त्याचं नाव 'मनःशांती कौशल्य वर्ग'. पाठ बारा. शिकवायला धवलपंत बगळे. एका पायावर डोळे मिटून तासन् तास उभं राहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मासे मात्र या वर्गाला येत नसत. का, ते विचारू नका.

वर्ग भरायचा जाळीजवळच्या वडाखाली. तेवढं अंतर भिवरा कशीबशी चालून गेली.

पहिल्या दिवशी पंतांनी दुःखाची व्याख्या सांगितली. दुसऱ्या दिवशी काळजीचे सात प्रकार सांगितले. तिसऱ्या दिवशी श्वासाचा इतिहास सुरू झाला. भिवराने हळूच विचारलं, "पंत, पान वाजलं की माझी छाती धडधडते. तेव्हा काय करायचं?"

"प्रश्न शेवटी," पंत म्हणाले.

शेवटी वेळ संपली. भिवरा पंतांच्या मागे मागे गेली. "थोडक्यात सांगितलंत तरी चालेल. आज डबक्यात घोटभरच पाणी उरलंय."

"प्रत्यक्ष काय करायचं, तो भाग दहाव्या पाठात आहे," पंत म्हणाले. "तोवर हजेरी चुकवू नकोस."

भिवरा जाळीकडे निघाली. वाटेत गोदाक्का नावाची एक म्हातारी रानडुकरीण जमीन उकरत होती. ती गोदाक्कासुद्धा वर्गात शिकवायला गेली होती म्हणे. पंतांनी विचारलं, "आपलं शिक्षण?" ती म्हणाली, "उकरणं." तिला परत पाठवलं.

गोदाक्काने मान वर केली. भिवराच्या फासळ्या पाहिल्या.

"पाण्यावर येतेस का, बाई?"

"मला जमत नाही, आक्का. पाय लटपटतात."

"मग पाण्यावर नको. उद्या सकाळी त्या पळसापर्यंत चल. मला तिथे अंग घासायचंय, आणि एकटीला कंटाळा येतो."

"पण पाय लटपटले तर?"

"लटपटू देत. लटपटत्या पायांनीही चालता येतं. माझे तर वयानेच लटपटतात."

दुसऱ्या दिवशी, ऐन वर्गाच्या वेळी, दोघी पळसापर्यंत गेल्या. गोदाक्काने अंग घासलं. दोघी परत आल्या. एवढंच. येताना गोदाक्काने चार रसरशीत कंद उकरून भिवरापुढे टाकले. तिने दोन खाल्ले, आणि पुढे रोज त्या कंदांच्या रसावरच तहान भागवली.

मग त्या पळसाच्या पुढच्या खडकापर्यंत गेल्या. मग जळक्या उताराच्या कडेपर्यंत. चौथ्या दिवशी कुठेतरी पान वाजलं आणि भिवरा उलट्या पावली पळत सुटली. जाळीत शिरून ती रडली. म्हणाली, "सगळं वाया गेलं, आक्का."

गोदाक्का धापा टाकत मागून आली. "वाया कसलं? आज परत आलो. उद्या पुन्हा जाऊ. मात्र पळायच्या आधी एकदा माझ्यासारखं कर. उकरताना नाकात माती जाते ना, तेव्हा मी लांब फुंकर सोडते. तशी सोड. घाई करू नकोस."

पाचव्या दिवशी पान वाजलं. भिवराने फुंकर सोडली. छाती धडधडतच होती. तिने आणखी एक फुंकर सोडली. मग आणखी एक. आणि तिच्या लक्षात आलं की आपण अजून तिथेच उभ्या आहोत.

अकराव्या दिवशी तिने पाणवठ्यावर तोंड बुडवलं. ती इतका वेळ पीत राहिली की गोदाक्काला चिखलात एक डुलकी काढता आली.

इकडे बारा पाठ पूर्ण झाले. समारंभ ठरला. सिंहमहाराज जातीने आले. वडाच्या पानावर नखाने कोरलेली प्रमाणपत्रं तयार होती. पहिलं गेलं ससोबांना, कारण त्यांची हजेरी बारापैकी बारा होती. ससोबा पुढे आले. त्यांचे कान थरथरत होते, मिशा थरथरत होत्या. प्रमाणपत्र पंजातून दोनदा खाली पडलं.

"हा का थरथरतोय?" महाराजांनी विचारलं.

"आनंदाने, महाराज," पंत म्हणाले.

महाराजांची नजर मागे उभ्या असलेल्या भिवरावर गेली. तिची कांती तुकतुकीत झाली होती. ती शांतपणे रवंथ करत होती.

"वर्गाचा गुण दिसतो हा. बाई, तुम्ही काय काय शिकलात?"

"मी वर्गाला फारशी आले नाही, महाराज," भिवरा म्हणाली. "मी गोदाक्कांबरोबर पाण्यावर जात होते. त्यानेच बरं वाटलं. भीती अजून वाटते. पण आता ती वाटत असतानाही जाता येतं."

धवलपंतांनी हजेरीचं पान काढलं. "बारापैकी तीन," ते म्हणाले. "महाराज, नियमाप्रमाणे ही अजून उदास आहे."

"दिसत तर नाही," महाराज म्हणाले.

"दिसण्यावर जाऊ नये. पाठ चौथा."

महाराजांनी विचार केला. पाण्यावर जाण्याची कल्पना त्यांना आवडली होती. त्यांनी हुकूम सोडला की पुढच्या वर्षी 'पाणवठा-गमन' हा तेरावा पाठ धरावा. तो वडाखाली बसून शिकवावा. शिकवणार अर्थातच पंत, कारण गोदाक्कांना पाणवठ्याची व्याख्या सांगता आली नाही. भिवराचं नाव पुढच्या वर्षीच्या उदास प्राण्यांच्या यादीत पहिलं लिहिलं गेलं.

भिवराने मान डोलावली. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या, तर पळसाआड ससोबा उभे.

"मलाही यायचंय," ते म्हणाले. "झोप लागत नाही. पण मी तर बरा झालोय. प्रमाणपत्र आहे. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"मग आमच्यामागून ये," गोदाक्का म्हणाली. "थोडं अंतर ठेवून. कुणी विचारलं तर म्हण, यांना शिकवायला चाललोय."

ससोबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते थरथरत थरथरत त्यांच्यामागून चालू लागले.

तात्पर्य: मुलांनो, मन बरं नसेल तर आधी हजेरी लावावी. हजेरी पूर्ण असली की थरथरलं तरी चालतं. आणि हजेरी नसताना चुकून बरं वाटलंच, तर ते मुळीच मनावर घेऊ नये.