आत्याचा चुका काढण्याचा वर्ग

बेकारी कशी हटवायची ते मला विचारा! एवढ्या मोठमोठ्या लोकांना जे जमलं नाही, ते मी चहा निवायच्या आत सोडवलं होतं. पुढं काय झालं ते सोडा. नाही, सोडू नका, तेच तर सांगायचंय.

मी प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख. आमच्याकडे मेणबत्त्या करायला शिकवायचे, आणि गावात मेणबत्त्यांचा कारखाना एकही नाही! शिकून गेलेली मंडळी घरी बसून कंटाळायची आणि पुढच्या वर्षी परत मेणबत्त्याच शिकायला यायची. शेवटी वरचे साहेब आले आणि म्हणाले, "या तुकडीतल्या सगळ्यांना नोकरी लागली पाहिजे. नाहीतर केंद्राला कुलूप आणि तुम्ही घरी!"

"काळजीच नको साहेब! जिथं गरज, तिथं माणूस!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहून खाली सहीसुद्धा ठोकली.

गावात मोठा कारखाना एकच, खुर्च्यांचा. तडक मालकाला गाठलं.

"माणसं कसली हवीत?"

"खुर्च्या जोडणारे ढीगभर आहेत हो," मालक कपाळाला हात लावून म्हणाले. "पण माल बाहेर पडायच्या आधी चूक दाखवेल असा कुणी नाही! गाडी भरून जाते नि तश्शीच परत येते. मला चुका काढणारी माणसं द्या!"

"चुका काढणारी? एवढंच?"

माझ्या डोळ्यांपुढं आत्या उभी राहिली. माझी आत्या आमच्याकडेच राहते. आमच्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याची सावली कुठं पडलीय, ते तिनं बायको उंबरठा ओलांडत असतानाच सांगितलं होतं.

घरी येऊन म्हणालो, "आत्याला शिक्षिका नेमतोय. पगारावर."

"पगार?" बायको ओरडली. "अहो, मग आम्ही इतकी वर्षं फुकट शिकतोय की काय!"

वर्ग सुरू झाला. आत्यानं प्रत्येकाच्या हातात लाल खडू दिला. "दिसली चूक की मारायची खूण. कुणाची भीड धरायची नाही. आणि मधे थांबायचं नाही!"

सरावाला वस्तू म्हणून तिनं मलाच उभं केलं. तुकडीत एक अबोल बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून नाव काढायला नाकी नऊ आले होते. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, "सर, तुमचा डावा खांदा खाली आहे. आणि आता वर घेतलात तो जास्तच वर गेला." मी घरी जाईपर्यंत सदऱ्यावर इतक्या लाल खुणा असायच्या की शेजारी तब्येतीची चौकशी करायला लागले. पण मी खूश! माल तयार होत होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वरचे साहेब मुद्दाम कारखान्यात आले. मालकांनी एक खुर्ची पुढं केली.

"मागचा पाय आखूड!" अबोल बाईंनी खूण मारली.

"वा!" मालक उडालेच. "ही?"

"हिचा स्क्रू ढिला!"

"शाब्बास! सगळ्यांना उद्यापासून कामावर घेतो!"

माझी कॉलर ताठ झाली. तिथंच थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण थांबायचं नाही असं आत्याचं शिक्षण! बघता बघता गोदामातला सगळा माल लाल झाला. मग भिंत. मग भिंतीवरचं घड्याळ. मग मालकांच्या वडिलांचा फोटो, "तिरका" म्हणून! गाडी भरणारे हमाल हात वर करून उभे राहिले.

"पुरे!" मालक कडाडले. "मला खुर्च्यांच्या चुका हव्यात, माझ्या नकोत!"

"मालक, तुम्ही बसू नका," अबोल बाई म्हणाल्या.

"माझ्याच कारखान्यात मी बसू नको?" असं म्हणून मालक आपल्या स्वतःच्या खुर्चीत दाणकन बसले. पुढच्या क्षणी खुर्ची चार दिशांना आणि मालक जमिनीवर!

"म्हणूनच म्हटलं," असं म्हणत अबोल बाईंनी खाली वाकून मालकांच्या बुटावर खूण मारली. नाडी सुटली होती.

"चालते व्हा! एकालाही घेणार नाही!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. केंद्राला कुलूप, या बिचाऱ्यांच्या हाती परत मेणबत्त्या, आणि मी घरी. घरी म्हणजे दिवसभर आत्यापुढं! मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात वरचे साहेब पोट धरून हसत पुढं आले. "या सगळ्यांना मी घेतो! यांना शिकवणाऱ्या तुमच्या आत्यांनासुद्धा!"

"साहेब!" मी त्यांचे हातच धरले. "पण कशासाठी?"

"इतक्या केंद्रांचा मी प्रमुख, पण सगळीकडून एकच निरोप येतो, आमचं उत्तम चाललंय! खरं सांगणारा एक माणूस मिळेल तर शपथ. तुम्हीच म्हणता ना, जिथं गरज, तिथं माणूस? हे लोक आता केंद्रं तपासतील. सुरुवात जवळच्यापासून करू."

जवळचं म्हणजे आमचंच!

सोमवारी सगळे आले. पुढं आत्या. खिडक्या पास झाल्या, बाकं पास झाली, फळासुद्धा पास झाला. खूण फक्त फळ्यावरच्या माझ्या सहीवर पडली. "केंद्र चांगलंय," आत्या म्हणाली. "प्रमुख बदला."

साहेबांनी तिलाच प्रमुख केलं, आणि तिच्या हाताखाली दयेनं मला ठेवलं. आता सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी आणि आत्या, एकाच खोलीत. परवा कंटाळून बायकोला म्हटलं, "सोडतो ही नोकरी."

"खबरदार!" ती म्हणाली. "कित्येक वर्षांनी दिवसभर घर कसं शांत असतं!"