व्यत्ययाची वही

आमच्या शेजारच्या घराच्या दारावर कित्येक महिने एक पुठ्ठा टांगलेला असे. संध्याकाळी साडेसातला तो लागायचा आणि आठला उतरायचा. त्यावर निळ्या शाईत, फळ्यावर लिहावे तशा अक्षरात चार वाक्ये होती : 'टेप चालू आहे. आत येऊ नये. आल्यास बोलू नये. बोलल्यास नोंद होईल.' खाली सही, आणि सहीखाली हुद्दा : मुख्याध्यापक.

घर म्हणजे शाळा नव्हती, आणि मुख्याध्यापक निवृत्त झालेले होते. पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यायला कोणी गेले नाही. आचऱ्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली होती. त्या निम्म्यांत मीही आहे.

हे मुख्याध्यापक म्हणजे इनास मास्तर. त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने मास्तरांना व्हिडिओ कॅमेरा आणून दिला. मास्तर आता लग्ने, बारशी, चर्चचे फेस्त यांचे चित्रण करतील अशी वाडीची अपेक्षा होती. मास्तरांनी एका बाप्तिस्म्याचे चित्रण केले. त्यात पाद्रींचे डोके चौकटीबाहेर राहिले. तेव्हा माणसे हलतात म्हणून ती टेप करण्यालायक नाहीत असा निष्कर्ष काढून मास्तरांनी कॅमेरा स्टुलावर ठेवला, टीव्हीच्या समोर, सहा फुटांवर. टीव्ही हलत नाही.

टेप व्हायची ती एक मालिका. मोठे कुटुंब, चार सुना, एक जुना वाडा आणि दर शुक्रवारी कोणीतरी जिन्यावरून पडायचे. मास्तरांना ती आवडत नसे. आवडायची ती त्यांच्या पत्नीला, रोजलिनबाईंना. पण साडेसात म्हणजे जेवण रांधायची वेळ. चुलीजवळून उठता येत नाही आणि मालिका सोडवत नाही, म्हणून मास्तर पूर्ण आठवडा टेप करायचे आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर दोघे बाजूबाजूला बसून सहाही भाग बघायची.

अडचण एकच होती. कॅमेरा समोर ठेवून टेप केले की टीव्हीचा आवाज येतो, तसा घराचाही येतो. आणि घरात आवाज करणारे माणूस बहुतेक वेळा तेच, ज्याच्यासाठी टेप चालू होती.

मास्तरांनी यावर शाळेचा उपाय केला. त्यांनी वही सुरू केली. लांब, जाड पुठ्ठ्याची, आखलेली. रकाने पाच : दिनांक, टेप क्रमांक, मिनिट, व्यत्यय, जबाबदार. 'व्यत्यय' हा शब्द त्यांनी टीव्हीवरूनच उचलला होता. पूर्वी कार्यक्रम मध्येच बंद पडला की पडद्यावर व्यत्ययाबद्दल क्षमा मागणारी पाटी यायची. मास्तर म्हणायचे, टीव्हीवाले निदान माफी तरी मागतात, आमच्या घरात तीही पद्धत नाही.

ती वही मी पुष्कळदा पाहिली आहे. तीस वर्षे जिल्ह्याच्या बातम्या लिहितो आहे, पण इतक्या नेमक्या नोंदी मला तलाठ्याच्या दप्तरातही आढळल्या नाहीत. काही नमुने :

'मिनिट ४. कुकर, तीन शिट्या. जबाबदार : रोजलिन.'

'मिनिट १२. "मास्तरांनू, जेवान थंड जाता." जबाबदार : रोजलिन.'

'मिनिट १७. शिंक. जबाबदार : स्वतः.'

'मिनिट २२. "ती रडता कित्याक? काल हसत होती मा?" जबाबदार : रोजलिन.'

रोजलिनबाई नवऱ्याला कधी नावाने हाक मारत नसत. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, आणि 'मास्तरांनू' हा शब्द त्या अशा काही उच्चारायच्या की त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मास्तरांनाही शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

संध्याकाळी होड्या लागल्या की सुलोचना टोपली घेऊन वाडीत यायची. तिची हाक आमच्या घरापर्यंतच काय, खाडीपलीकडे जायची. तिला मागच्या दाराने येण्याचा लेखी हुकूम दिला गेला. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे ती पुढच्याच दाराने येत राहिली आणि वहीत येत राहिली. एकदा रोजलिनबाईंनी तिला तिच्या नावाच्या नोंदी वाचून दाखवल्या. सुलोचनाने टोपली खाली ठेवली.

"मास्तरांनू, माजा नाव वहीत घालतास, तर बांगडे ताजे होते ता पण लिवा."

मास्तर न्यायी माणूस. त्यांनी ते लिहिले. टेप क्रमांक नऊ, मिनिट सहा : 'सुलोचना. बांगडे. (ताजे.)'

टेपा ठेवायच्या कुठे हा पुढचा प्रश्न. आमच्याकडच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. मास्तरांनी विचार केला, घरात सर्वांत कोरडी जागा कोणती? चुलीवरची फळी. तिथे कोकमे असत, मीठ असे, सुके बांगडे असत. त्यांच्या शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या चौतीस टेपा जाऊन बसल्या. शास्त्र म्हणून ते चूक नव्हते. फक्त रविवारी डबा उघडला की वाडीतली मांजरे मालिका बघायला येत.

मग मालिका संपली, कॅमेरा बिघडला, पुठ्ठा उतरला. वही फडताळात गेली. ही झाली जुनी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी रोजलिनबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजते सगळे. डाव्या हाताने जेवतात, जपमाळ ओढतात, नको असेल तर मान फिरवतात. पण शब्द नाही. डॉक्टरांनी मास्तरांना सांगितले की आता फार आशा धरू नका. मास्तरांनी घरी येऊन मला तेवढेच वाक्य सांगितले आणि दार लावून घेतले.

मडगावला दिलेली त्यांची मुलगी सिल्विया महिन्यातून एकदा येते. आईचा वेळ जावा म्हणून तिने भिंतीएवढा टीव्ही आणला, इंटरनेट घेतले, तीन-चार ठिकाणची वर्गणी भरली. आणि शोधता शोधता तिला तीच मालिका सापडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही भाग न गाळता, लख्ख.

तिने मला आवर्जून बोलावले. आम्ही चौघे बसलो. भाग सुरू झाला. चार सुना पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या इतक्या स्पष्ट दिसत होत्या. थोरलीच्या कपाळावर तीळ आहे हे मला तेव्हा कळले. मास्तरांच्या मांडीवर काहीतरी होते. मी वाकून पाहिले. वही होती.

चौथ्या मिनिटाला मास्तर पुटपुटले, "हय कुकर होयो होतो."

बाराव्या मिनिटाला त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. सतराव्याला आपल्याच नाकाला हात लावला. सिल्वियाला वाटले, वडिलांचे काहीतरी बिघडले आहे. रोजलिनबाई मात्र टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या मास्तरांच्या बोटाकडे बघत होत्या, ते वहीत कुठल्या ओळीवर आहे तिकडे. बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर धाकटी सून रडू लागली. मास्तरांनी वही मिटली.

"चोख आसा," ते मुलीला म्हणाले. "पण ह्या आमचा न्हय."

सिल्वियाने चुलीवरचा डबा तेव्हा काढला. टेपांच्या खाली तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, एक काळी वायर निघाली. कॅमेऱ्याबरोबर आलेली, पिशवी न फोडलेली. ती म्हणाली, "पप्पा, ही टीव्हीक लावची होती. मगे घरातले आवाज येतच नाय होते." म्हणजे एवढे महिने तो पुठ्ठा, ते हुकूम, ती वही, कशाचीच गरज नव्हती. मला वाटले, मास्तर आता भावाच्या नावाने काहीतरी बोलतील. त्यांनी वायर हातात घेतली.

"गावली नाय ता बरा झाला," ते म्हणाले.

तेव्हा आम्हाला कळले की त्यांना काय हवे आहे. त्या चौतीस टेपांत रोजलिनबाईंचा आवाज होता, आणि तो कुठल्या टेपमध्ये कितव्या मिनिटाला आहे हे त्या वहीत लिहिलेले होते. दुसरीकडे कुठेच तो आवाज नव्हता. त्यांचे एकही चित्रण घरात नव्हते. मास्तरांना माणसे टेप करण्यालायक वाटत नव्हती.

मडगावात जुन्या टेपांवरून नव्या नकला करून देणारा एक माणूस सिल्वियाने शोधला. त्याने डबा उघडला, नाकाला रुमाल लावला आणि टेपा तपासून सांगितले की बऱ्याचशा चिकटल्या आहेत. पाचेक चालतील. त्याही एकदा चालतील, दुसऱ्यांदा चालतीलच असे नाही. कुठल्या करायच्या त्या घरच्यांनी ठरवावे.

सिल्वियाने चालतील त्या टेपांचे क्रमांक फोनवरून कळवले. मास्तर वही घेऊन दोन दिवस बसले. ज्या टेपेत सर्वांत जास्त व्यत्यय, ती आधी, असा क्रम लागला. कधीकाळी ज्यांच्यापुढे त्यांनी लाल शाईने 'फार वाईट' असा शेरा मारला होता, त्याच निघाल्या. यादीत सर्वांत वर टेप क्रमांक बावीस होती. तिच्यापुढे नोंद एकच होती, पण व्यत्यय सर्वांत लांब आणि शेरा सर्वांत मोठा : 'मिनिट ८. वीज गेली. टीव्ही बंद. कॅमेरा बॅटरीवर चालू राहिला. लक्षात आले नाही. ११ मिनिटे वाया. जबाबदार : स्वतः.'

आठवड्याने त्या माणसाचा फोन आला तेव्हा मी मास्तरांच्या पडवीत होतो. चार टेपा झाल्या, पाचवीही झाली, असे तो म्हणाला. पाचवीत मध्ये बराच भाग काळा होता, म्हणून त्याने तो कापून टाकला होता.

मास्तर उभे राहिले. सरकारी माणसाशी बोलताना ते शुद्ध मराठीत जातात, तसे गेले.

"आपण काहीही कापू नये," ते म्हणाले. "जे कोरे दिसते, ते तर मुळीच कापू नये. टेप पुन्हा लावावी."

पलीकडून उत्तर आले की टेप पुन्हा लावली तर तुटण्याची शक्यता आहे. मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आत जाऊन रोजलिनबाईंच्या खाटेशी बसले. लावा, असे मीच त्याला सांगितले. ते सांगण्याचा मला काही अधिकार नव्हता.

तीन दिवस शेजारच्या घरातून टीव्हीचाही आवाज आला नाही. चौथ्या दिवशी सिल्विया पेन ड्राइव्ह घेऊन आली. ऐकण्याच्या वेळी मास्तरांनी मला थांबवून घेतले. बहुधा साक्षीदार म्हणून.

आठ मिनिटे मालिका चालली. मग पडदा काळा झाला. पाऊस ऐकू आला, कौलांवरचा. भांडे ठेवल्याचा आवाज. आणि मग त्या काळ्या पडद्यातून, जवळून :

"मास्तरांनू, हयच आसास मा?"

"खंय जातलंय?"

"मगे बोलत रवा. काळोखात गप बरा वाटना नाय."

"काय बोलू?"

"कायव बोला. पाढे म्हणा."

आणि मास्तरांनी पाढे म्हटले. अकरा मिनिटे, पावसात, काळोखात, शाळेतल्या त्याच चालीवर. एकोणतिसाच्या पाढ्यात, साते म्हणताना, ते चुकले.

"एकोणतीस साते दोनशे तेरा."

"दोनशे तीन, मास्तरांनू."

मग मास्तरांचा आवाज, "ता मी बगूक म्हटलंय, तुका येता काय." आणि त्यावर रोजलिनबाईंचे हसणे. ते बरेच लांबले. वीज आली, धाकटी सून रडताना दिसू लागली, तरी तिच्यामागून हसणे ऐकू येत होते.

मी खाटेकडे पाहिले नाही. सिल्वियाने पाहिले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आता शेजारी रोज साडेसातला टीव्ही बंद होतो. मास्तर स्टूल ओढतात. त्याचा एक पाय आखूड झाला आहे, त्याच्याखाली तो जुना पुठ्ठा चौपदरी करून घातला आहे. स्टुलावर डब्याला टेकवून मोबाइल उभा करतात, तोंड खाटेकडे. मग पाढे सुरू होतात. दार उघडे असते. सुलोचनाची सून आता टोपली घेऊन येते, ती हाक मारते, कोणी तिला काही म्हणत नाही.

परवा मी पडवीत उभा होतो. मास्तर एकोणतिसावर आले होते.

"एकोणतीस साते," ते म्हणाले, आणि थांबले. "दोनशे तेरा."

रोजलिनबाईंनी कपाळाला आठी घातली. डावा हात गोधडीवरून हळूहळू वर आला, आणि तीन बोटे उभी राहिली.

मास्तरांनी घड्याळ पाहिले, मांडीवरची वही उघडली आणि लिहिले. ते आत पाणी आणायला गेल्यावर मी वाचले. रकाने तेच पाच होते. मिनिट १४. व्यत्यय : 'दोनशे तीन.' जबाबदार : रोजलिन.