पेंढ्याचं तेजस

आधी माझा फायदा सांगतो. सव्वीस जानेवारीला औंढ्याच्या शाळेत पहिल्या रांगेतली खुर्ची, हातात माईक आणि भल्यामोठ्या फ्लेक्सवर माझा फोटो!

शेजारच्या गावचे वलवणकर दरवर्षी थर्माकोलचं लढाऊ विमान मिरवतात. मी म्हटलं, आपलं तेजस भाताच्या पेंढ्याचं! देशी आणि वजनाला हलकं, अगदी खऱ्यासारखं!

बांबू-पेंढ्याला हात वरच्या वाडीतल्या सावळ्याचा. पेंढाही त्याचाच.

"आबा, गोठ्यावर घालाय ठिवलाय. पावसात म्हस भिजंल."

"अरे, दोन तासांचं काम! काडी न्‌ काडी परत देतो."

चार दिवसांत त्यानं असं विमान विणलं की बघणारा कानात बोटं घालून उभा राहावा. फ्लेक्सवर मी छापलं : 'संकल्पना, आराखडा व निर्मिती – अंबाजीआबा'. सावळ्याची बायको चिंगी दहावी पास. तिनं फ्लेक्स दोनदा वाचला.

"आबा, ह्यांचं नाव मागल्या बाजूला हाय का?"

मी ऐकलंच नाही!

विमान निघालं भिमाजीच्या बैलगाडीवर. पाहुण्यांसमोर बैलांनी शेण टाकू नये म्हणून मीच बजावलं होतं, "कालपासून वैरण बंद!" मैदानात पोचल्यावर भिमाजीनं बैल सोडले आणि रोजच्या सवयीनं गाडीलाच बांधले.

मी माईकवर सुटलो. "मंडळी, हे विमान शत्रूला दिसतसुद्धा नाही!"

लोक हसले. मी आणखी फुललो. मग मागं वळून पाहिलं. शेपूट गायब! डाव्या पंखाला एक बैल, उजव्याला दुसरा!

"भिमाजी! बैल!" असं ओरडणार, तोच झेंडा फडकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान! भिमाजी ताठ, सावळ्या ताठ, मी ताठ. बैलांना कुठलं सावधान? त्या बावन्न सेकंदांत उरलेलं तेजस कराकरा चावलं जात होतं आणि सावळ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पाहुण्यांना वाटलं, काय ही देशभक्ती!

गीत संपलं. गाडीवर बांबूचा सांगाडा. पाहुण्यांनी विचारलं, "कुणी बनवलं हे?"

माझं बोट आपोआप वळलं. "ह्या सावळ्यानं!"

चिंगी शांतपणे म्हणाली, "आबा, आता आलं व्हय नाव!"

खुर्चीत बसलो होतो, पण जमिनीत गेल्यासारखा.

पेंढा परत द्यायचं आज-उद्या करत राहिलं. जूनमध्ये सावळ्या दारात आला. "आबा, त्यो फ्लेक्स द्या. गोठ्यावर टाकतो."

"ने बाबा. फक्त माझं तोंड रस्त्यावरून दिसू देऊ नको."

"न्हाई आबा. आतल्या बाजूला करतो."

तर हिशेब असा. बैलांना पेंढा मिळाला, सावळ्याला बोल, मला खुर्ची. आणि भुर्दंड भरतेय म्हैस. मान वर केली की मी! चिंगी सांगते, फ्लेक्स चढल्यापासून ती अर्धा लिटर कमीच देतेय.