साळूबाईच्या खानावळीतला ओलावा

बसा रे, जरा लांब लांब बसा. आजची गोष्ट वासाची आहे. ज्याला नाक मुरडायचं असेल त्याने आत्ताच उठावं, मध्ये चुळबुळ केलेली मला चालणार नाही.

एका जंगलात म्हणे एक वड होता. म्हणे कशाला, होताच. बुंधा आतून पोकळ, आणि वरपासून खालपर्यंत ढोल्याच ढोल्या. त्या ढोल्यांत मोठी प्रतिष्ठित कुटुंबं राहत. प्रत्येक ढोलीतून एक नळी निघे आणि बुंध्यातल्या मोठ्या नळाला मिळे. त्या नळातून काय वाहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दात काढू नका. तुमच्याही घरी तेच वाहतं.

वडावरच्या मंडळींनाही ते ठाऊक होतं, पण तसं बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. कुणी विचारलंच तर जो तो सांगे, आम्ही फक्त फळं खातो, आमच्याकडे तसलं काही होत नाही. मग नळ कशाला बसवला होता, असं विचारणारा तिथे कुणी नव्हता.

तळमजल्यावर साळूबाई राहायची. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण बाई अशी गरीब की काटा टोचला तर स्वतःच माफी मागायची. तिची खानावळ होती. नाचणीची भाकरी, कंदांची भाजी, वर चिंचेचं सार. आसपासचे ससे नि भेकरं तिच्याकडेच जेवायची. त्या खानावळीवरच तिची पिल्लं वाढत होती, दुसरा आधार नव्हता.

एकदा ऐन पंगतीच्या वेळी मोरीतून गुडगुड आवाज आला. पाठोपाठ काळं पाणी वर आलं. पाटांखाली गेलं, चुलीत गेलं, पिठाच्या डब्यापर्यंत गेलं. ससे भरली पानं टाकून पळाले. साळूबाईने पिल्लांना फळीवर चढवलं आणि ती तशीच पाय निथळत वडाच्या कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेली.

सेक्रेटरी होता उदमांजर. पहिल्या मजल्यावर राही, अंगाला अत्तर लावी. त्याने दार अर्धंच उघडलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की घाण हा शब्द आपण वापरू नये, त्याला ओलावा म्हणावं. शिवाय वर कुणाकडे तसलं काही होत नसल्यामुळे तो ओलावा बहुधा साळूबाईचाच असणार. एवढं सगळं आपल्या एकटीचं कसं असेल, हे बाई घरी येईपर्यंत मनाशी म्हणत होती.

शेवटी सुळेकरला बोलावलं. सुळेकर म्हणजे रानडुक्कर. तुंबलेली घरं आणि दुकानं साफ करून द्यायची हा त्याचा धंदा, आणि धंद्याचा त्याला भारी तोरा. आल्या आल्या त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पाणी उपसलं, गाळ खरवडला, भिजलेलं पीठ पुरून टाकलं, पाट उन्हात घातले, भिंती चुन्याने आणि जमीन कडुनिंबाच्या काढ्याने धुतली. खानावळ लख्ख केली. वरून त्याच्यासाठी करवंटीत चहा आला. चहा पिऊन झाल्यावर करवंटी फेकून दिली, तीही त्यालाच फेकायला लावली.

जाता जाता सुळेकर म्हणाला की हे पुन्हा येणार. नळ तुंबलाय तो बाहेर, सत्कारकट्ट्याखाली. कट्टा फोडा, मी नळ मोकळा करून देतो.

सत्कारकट्टा म्हणजे वडाची शान. नळाच्या तोंडावरच तो बांधला होता, कारण जागा सपाट होती. तिथे रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार चाले. सत्कार करायला कारण लागतं असा त्या जंगलात नियम नव्हता. लवकरच अध्यक्षांना वड स्वच्छ ठेवल्याबद्दल शाल मिळायची होती. अध्यक्ष होते धनेशराव. मोठ्या चोचीचा पक्षी, अगदी शेंड्याला राहणारा. कट्ट्याला हात लागणार नाही, असं त्यांनी वरूनच कळवलं.

मग काय, पाणी येई, सुळेकर येई, खानावळ स्वच्छ होई, पुन्हा पाणी येई. गिऱ्हाइकं माकडाच्या भजीच्या गाडीकडे वळली. चूल थंड पडली आणि पिल्लं उपाशी निजू लागली. त्यात कमिटीने निरोप धाडला की वासामुळे वडाचं नाव खराब होतंय, तेव्हा बाईंनी दुसरीकडे सोय बघावी. साळूबाई त्या दिवशी ढसाढसा रडली. या ढोलीत तिची आई वारली होती, पिल्लं जन्मली होती. ती हलायला तयार होईना.

तेव्हा उदमांजराच्या डोक्यातून कल्पना निघाली. पाणी तिच्या मोरीतून येतं ना? मग मोरीलाच बूच मारा. सगळ्यांना ही कल्पना एवढी आवडली की तिथल्या तिथे त्याचा सत्कार झाला. सुळेकर काहीतरी सांगायला लागला होता, पण त्याला म्हणे बोलायची परवानगी नव्हती. त्याने खांदे उडवले आणि सागाचं जाडजूड बूच ठोकून बसवलं. साळूबाई भांडी ओढ्यावर घासू लागली. तिची जमीन कोरडी राहिली.

पुढे काय झालं असेल, सांगा बघू. बरोबर. तुम्ही कमिटीवर नाही म्हणून तुम्हाला कळलं.

पाणी उदमांजराच्या दिवाणखान्यात निघालं. पण तो बोलतो कसा? आमच्याकडे तसलं काही होत नाही, असं आयुष्यभर सांगितलेलं. त्याने खोलीभर धूप जाळला आणि गुपचूप आपल्याही मोरीला बूच मारलं. मग ते वरच्या माकडांकडे निघालं. माकडांनीही बूच मारलं आणि वर कुणाला बोलली नाहीत. असं एकेक मजला चढत, सगळ्यांच्या सभ्यपणाच्या आधाराने, ते शेंड्याला पोचलं.

आता धनेशांची एक चाल असते. अंडी घालायच्या दिवसांत बाईमाणूस ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेतात. चोचीपुरती फट ठेवतात, त्यातून नवरा घास भरवतो. धनेशवहिनी अशाच बसल्या होत्या. त्यांना हलता येईना, अंडी उचलून कुठे नेता येईना, आणि पाणी पोटाला लागलं.

धनेशराव खाली सत्काराच्या तालमीला गेले होते. वहिनींनी फटीतून चोच काढली आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अहो, हा ओलावा नाही, गू आहे! सगळ्या वडाचा!"

त्या वडावर तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. मग कमिटी जमली, आणि कधी नव्हे ती वेळेवर जमली. धनेशराव स्वतः तळमजल्यावर उतरले आणि हात जोडून म्हणाले, "साळूताई, माझी अंडी बुडतील. तेवढं तुमचं बूच काढा."

अंड्यांची साळूबाईलाही काळजी होती, तीही आईच होती. पण मग तिने आपल्या थंड चुलीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचे काटे उभे राहिले.

"वहिनींना वाचवायचंय ना?" ती म्हणाली. "मग कट्टा फोडा. माझी पिल्लंही अंड्यातून नाही तरी पोटातूनच आली होती."

कट्टा फोडला. फोडायला सगळ्यात पुढे धनेशराव होते, चोचीने घाव घालत होते. सुळेकर नळात उतरला. आतून निघाले सत्काराचे हार, नारळांच्या शेंड्या आणि शालींच्या घड्या. समारंभ झाला की मंडळी ते कट्ट्याच्या फटीतून नळात ढकलून देत होती. बोळा निघाला तसं पाणी धो धो उतरलं. वहिनी वाचल्या, अंडीही वाचली.

खानावळ पुन्हा सुरू झाली आणि ससे परतले. वड संकटातून वाचवल्याबद्दल धनेशरावांचा सत्कार ठरला. त्यासाठी नवा कट्टा बांधला. कुठे? जागा सपाट होती ना, तिथेच. साळूबाईला पहिल्या रांगेत बसवलं, तिनेही टाळ्या वाजवल्या. मात्र घरी आल्यावर तिने मोरीतलं बूच तपासलं आणि आणखी दोन घाव घालून ते घट्ट केलं.

तात्पर्य: परिसर स्वच्छ ठेवावा, हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, ते तिथेच राहू द्या. घाण साफ करत बसू नये. ती अध्यक्षांच्या घरापर्यंत कशी पोचेल तेवढं पाहावं.