डाव्याला विचारून

आमचे दत्तूभाऊ साधा चहाचा कप विकत घ्यायचा झाला तरी आधी तो डाव्या हातात धरून बघतात. नुसता धरत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मुडपतात, डोळे मिटतात, उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने कप उचलतात आणि तसेच उभे राहतात. दुकानदार माझ्याकडे बघतो. मी रस्त्याकडे बघतो. मग दत्तूभाऊ डोळे उघडून निकाल सांगतात, "डावा नाय म्हणतो." कप परत फळीवर.

बरं, माणूस डावखुराही नाही. जेवतो उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, माझ्याशी वाद घालतानाही उजवा हातच नाचवतो. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "उजव्याचं काय शेठ, उजवा गरीब हाय. काय पण दिलं तरी ऐकून घेतो. डावा खूश झाला पाह्यजे."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं गेल्या दिवाळीच्या सुमारास. त्याआधी ते बऱ्यापैकी शहाणे होते.

मुरबाडला एसटी स्टँडच्या थोडं पुढे माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, हळद, क्रिकेटचे सामने, निवड झाल्याबद्दल अभिनंदन आणि श्रद्धांजली. इतकी वर्षं त्याच त्या माणसांना मी आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो आणि शेवटी श्रद्धांजली वाहतो. फोटो बहुतेक वेळा तोच असतो. आता मला रस्त्यात माणूस भेटला तरी त्याच्या मागे आपोआप निळं आभाळ दिसतं. या धंद्यात माणूस थकतो, आणि थकला म्हणून कोणी त्याचा बॅनर लावत नाही.

दत्तूभाऊ माझे डिझाइनर. राहायला वैशाखऱ्याला, माळशेजच्या वाटेवर. सकाळच्या एसटीने येतात, संध्याकाळच्या एसटीने जातात. नवरदेवाचा फोटो कापायचा तर केसन् केस कापणार. "कॉम्प्युटर एका बटणात कापतो हो," म्हटलं तर म्हणणार, "कॉम्प्युटर कान पण कापतो." आणि कडेची रेघ एवढीशी जरी वाकली तरी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर गिऱ्हाईक घामाघूम होतं, आत हे रेघ सरळ करत बसलेले.

पण दुकान चालतं ते त्यांच्या वेलीवर. हळदीच्या बॅनरला चारही बाजूंनी जी पानाफुलांची वेल असते ना, ती. तशी वेल आख्ख्या तालुक्यात कोणाला जमत नाही. शहापूर, खर्डीहून माणसं येतात आणि म्हणतात, "फोटो कसा पण लाव, वेल चांगली टाक." दत्तूभाऊ ती दुकानात कधी काढत नसत. गिऱ्हाइकाचं नाव, हळदीची तारीख कागदावर लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर वेल घेऊन येत. "घरी निवांत जमतं," म्हणत. प्रत्येक घराला नवी वेल. एकीत मोगरा, एकीत भाताच्या लोंब्या, एकीत कारवीची फुलं.

दिवाळीनंतर नवी वेल यायची बंद झाली.

त्याआधी मंदावहिनी, म्हणजे दत्तूभाऊंची बायको, आजारी पडल्या होत्या. कल्याणला दवाखान्यात होत्या. दत्तूभाऊ काही दिवस आले नाहीत. परत आले तेव्हा मी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" म्हणाले, "बरी हाय." हे दोन शब्द त्यांनी असे काही ठेवले की पुढे विचारायची सोय उरली नाही. आणि खरं सांगायचं तर दुकान बंद करून वैशाखऱ्यापर्यंत जाऊन यायला मला सवड नव्हती.

जुन्याच वेली फिरवून फिरवून लावायला लागलो. व्हायचं तेच झालं. एक वरबाप दुकानात आला तोच ओरडत. "शेठ, ही वेल तर आमच्या पुतण्याच्या हळदीतली! त्यांचं आमचं जेवणपाणी बंद हाय, आन् त्यांची वेल आमच्या मांडवाला?" त्याला सरबत पाजून घालवला. दत्तूभाऊंना म्हटलं, आता नवी वेल पाहिजे.

"माऊसनी नाय जमत शेठ," ते म्हणाले. "बॉल पाह्यजे."

बॉल म्हणजे ट्रॅकबॉल. जुन्या माऊसच्या पोटात गोळी असायची, ती मोठी करून वर आणून ठेवली तर जे होईल ते. माऊससारखा हा सरकवायचा नसतो. एका जागी बसून राहतो. बोटांनी गोळा फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. डिझाइनच्या कामाला चांगला, मनगट दुखत नाही, असं म्हणतात. म्हटलं, घेऊ. वेल आल्याशी कारण.

मला वाटलं होतं की एक पार्सल येईल आणि विषय संपेल.

पहिला आला त्यात गोळा बाजूला, अंगठ्याखाली. मी हात ठेवून बघितला, झकास. दत्तूभाऊंनी दोन बोटं मुडपली, डोळे मिटले. "हा उजव्यांचा हाय. डाव्याला दारातच उभा करतो." परत पाठवला. दुसऱ्याचा गोळा लहान. "हे बोर हाय. डाव्याच्या हातातनं सुटतंय." तोही परत. पार्सलवाला आता खोकं हातात देतानाच विचारायचा, "परत कधी नेऊ?"

तिसरा जरा बरा होता, पण गोळा घट्ट फिरायचा. "डाव्याला जोर लागतोय," दत्तूभाऊ म्हणाले आणि माझ्या नकळत त्यांनी त्या गोळ्याला खोबरेल तेल लावलं. त्यांच्या घरी बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला खोबरेलच लावतात. संध्याकाळी गोळा असा फिरला की काय सांगू. दत्तूभाऊ मला बोलावून दाखवत होते. पण दिवस पौषातले. रात्रीच्या थंडीने बाटलीतलं तेल थिजलं तसं गोळ्याखालचंही थिजलं. सकाळी गोळा हलेना. दत्तूभाऊंनी तो उन्हात ठेवला. तेल वितळून पार आत उतरलं, त्याला दुकानातली धूळ चिकटली आणि तो यंत्र म्हणून संपला. तो परत नेणं पार्सलवाल्यालाही शक्य नव्हतं. हल्ली तो माझ्या टेबलावर पावतीपुस्तकावर ठेवायच्या कामाला येतो.

बसायची तऱ्हा तर विचारू नका. ट्रॅकबॉल टेबलावर ठेवून बघतील तर शपथ. घरून एक पाट आणला होता. खुर्चीत मागे रेलायचं, मांडीवर पाट, पाटावर बॉल. कधी पाठीमागे उशी. गिऱ्हाइकांना वाटायचं, डिझाइनरची तब्येत बरी नाही. आणि मागणी काय, तर बटण दाबून धरायला लागू नये. "एकदा दाबलं की त्यानं आपणहून धरून राह्यचं. सोड म्हटलं की सोडायचं." मी म्हटलं, "दत्तूभाऊ, हा आळस झाला." ते हसले. "डाव्याला दम नाय ना शेठ."

मग कोणीतरी सांगितलं, आसनगावला नीलेश म्हणून एक मुलगा आहे, मुंबईला जाहिरात कंपनीत जातो, त्याच्याकडे भारी ट्रॅकबॉल आहे. रविवारी माझ्याच मोटरसायकलवर मला मागे बसवून दत्तूभाऊ आसनगावला. रविवार हा माझा झोपायचा दिवस, पण वेलीपायी तोही गेला.

नीलेश भला मुलगा. त्याने ट्रॅकबॉल टेबलावर मांडला, समोर खुर्ची ओढली. दत्तूभाऊंनी पिशवीतून पाट काढला आणि सरळ त्याच्या सोफ्यावर आडवे झाले. नीलेशची आई चहा घेऊन आली, ती दारातच थांबली.

"काका, झोपून कोण डिझाइन करतं?" नीलेश म्हणाला.

"कोण पण करंल," दत्तूभाऊ म्हणाले.

गोळा मोठा, मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी बटणं. दत्तूभाऊंनी दोन बोटं मुडपून त्यावर हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. चहावर साय आली. मी मनात म्हटलं, आता नाय म्हणणार. पण ते डोळे न उघडताच म्हणाले, "डावा हो म्हणतो."

नीलेशने बटण धरून ठेवायची सोयही दाखवली. कॉम्प्युटरमध्येच असते म्हणे. दत्तूभाऊंनी ती त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतली.

तसाच ट्रॅकबॉल मागवला. तो येईपर्यंत माघ लागला आणि लग्नं सुरू झाली. माझा धीर सुटला होता. म्हटलं, "दत्तूभाऊ, हा शेवटचा. या आठवड्यात वेल आली नाही तर मी नेटवरून तयार वेली उतरवून घेणार. फुकट असतात, हव्या तितक्या असतात."

एरवी माझ्या बोलण्यावर त्यांचं काहीतरी उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. डाव्याला न विचारताच म्हणाले, "नको शेठ. तेवढं नका करू." आणि खोकं छातीशी धरून एसटीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. इकडे त्याच वरबापाच्या धाकट्या मुलाची हळद जवळ आलेली, आणि तो दुकानात ठाण मांडून बसलेला. शेवटी दुकान त्याच्याच भरवशावर सोडलं आणि मोटरसायकल काढली. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही.

वैशाखऱ्याला दत्तूभाऊंच्या घराला पोहोचलो. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी मोठं लोखंडी कडं होतं, बैलाच्या दावणीला असतं तसं. हे कडं मी ओळखत होतो. शहापूरच्या बाजारात दत्तूभाऊंनी ते डोळे मिटून अर्धा तास ओढून बघितलं होतं आणि मी लाजेने भजीच्या गाडीमागे उभा राहिलो होतो. आत मोरीवर लांब दांड्याचा नळ. तोही ओळखीचा. फळीवर मोठ्या कानाचा कप.

ओटीवर खाटेवर मंदावहिनी टेकून बसल्या होत्या. पाठीमागे उशी. उजवा हात पदराखाली मांडीवर पडलेला, तो त्यांचा असल्यासारखा वाटतच नव्हता. मांडीवर पाट, पाटावर तो ट्रॅकबॉल आणि त्यावर त्यांचा डावा हात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मुडपलेलं. ती दोन बोटं उघडतच नव्हती.

समोर स्टुलावर जुना कॉम्प्युटर. पडद्यावर एक वेल अर्धी चढलेली.

दत्तूभाऊ मागे खाली बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला बघून उठले नाहीत. हळूच म्हणाले, "हात मोकळे राह्यले तर मदतीला जातात शेठ. तिला चालत नाय."

मी दारातच बसलो. जुळवून आणलेलं काही आठवेना. गोळा फिरत होता, थांबत होता. बाण पानाच्या टोकापर्यंत जायचा, थरथरायचा, मागे यायचा. वहिनींच्या कपाळावर घाम होता. पान पुरं झालं तेव्हा दत्तूभाऊंनी श्वास सोडला. मीही सोडला.

"म्हणजे वेली वहिनी काढायच्या?" मी म्हटलं. "सगळ्या?"

"पहिल्यापासनं. दारातली रांगोळी बघून मीच शिकवला तिला कॉम्प्युटर. नाव नको सांगू म्हणायची. लाजायची."

"अहो, पण आजारपणाचं तरी सांगायचं होतं मला."

दत्तूभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. "सांगितलं असतं तर तुमी दया केली असती. दुसरी वेल घेतली असती. तुमचा पण धंदा हाय, चूक नाय त्यात. पण मग हिनं बरं होऊन करायचं काय? डॉक्टर बोलला, हात चालवत ठेवा. ही बोलली, कशाला? आता काय राह्यलं हातात? तोंड फिरवून पडून राह्यची. मी सांगायचो, मंदे, दुकानात तुझ्या वेलीसाठी लोक थांबलेत गो. तेवढं खोटं पडू नये म्हणून धावत होतो."

मला एकदम फार थकल्यासारखं झालं, पण हा थकवा रोजचा नव्हता. हा माणूस दिवाळीपासून माझ्या दुकानात डोळे मिटून बायकोचा हात होऊन बसत होता, आणि मी रस्त्याकडे बघत होतो.

वहिनींनी मान वळवली. शब्द जड येत होते. "शेठ... च्या घ्या." मग पडद्याकडे बघून, "थांबलेत... लोक?"

"दुकानात ठाण मांडून बसलाय एक," मी म्हटलं. "उठायला तयार नाही."

त्यांचा अर्धा चेहरा हसला.

वेल पुरी व्हायला आणखी दोन दिवस लागले. वरबापाला मी हात जोडून थांबवला. दत्तूभाऊ पेनड्राइव्ह घेऊन आले. मी ती उघडली. भाताच्या लोंब्या होत्या, मधे मधे अबोली. पण रेघ जागोजागी थरथरलेली, पानं कुठे कुठे कलंडलेली. रेघन् रेघ सरळ करणारे दत्तूभाऊ शेजारी उभे होते. मी माऊसवर हात ठेवला, तसे म्हणाले, "सरळ नका करू शेठ. हाय तशी छापा."

छापली.

वरबापाने बॅनर दुकानाबाहेर पसरला. मागे सरकून बघितला, पुढे येऊन बघितला. भावकीत कोणाच्या मांडवाला अशी वेल नव्हती, याची खात्री करून घेतली. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "झ्याक हाय. पन पानं जरा हलल्यावानी नाय वाटत?"

दत्तूभाऊ म्हणाले, "वारा हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी रस्त्याकडे बघितलं नाही.

"घाटावरून येतो," मी म्हटलं. "वैशाखऱ्याच्या बाजूला या दिवसांत असतोच."