आबांच्या खळ्यावरची तार

शेजारच्या आबांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात शिरायचं, तर भर पावसातही छत्री मिटून आडवी धरावी लागे. आबा माझे लांबचे चुलते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावात वीज आली, तिची तार आबांच्या खळ्यावरून गेली, आणि तेव्हापासून त्यांनी हे सुरू केलं. तार चांगली निम्म्या माडाएवढी उंच. माझी छत्री जेमतेम माझ्या टकलाला पुरायची. पण पडवीतून हाक यायचीच, "मास्तरा, छत्री आडवी! तारेक नातागोता नाय!" शाळेत विजेचा धडा शिकवणारा मी मुकाट भिजत जायचो.

भात कापून आणलं की झोडणी होईपर्यंत भारे खळ्यात रचून ठेवायचे, ती उडवी. ज्याची उडवी उंच, त्याची मिशी उंच. आबांनी आपली तारेपासून लांब, कोपऱ्यात रचली. तीही बुटकी नि ऐसपैस. "वर चढान कोणी बांबू उभो केलो तर?" लोक विचारत, "आबानू, उडवी बसली काय ओ?" घरात दिवे आले, पण भाताची कणगी होती त्या खोलीत नाही. "जंय उंदीर थंय वायर कित्याक?" भात ते अंधारात चाचपडत काढत.

इथवर गावानं हसण्यावारी नेलं. शिमग्यात मात्र पेटलं. देवाची निशाणकाठी घरोघर फिरते. ती उंच, आणि आडवी करायची रीत नाही. आबा पाणंदीतच हात पसरून उभे राहिले.

"आबानू, देवाक अडवतास?" मानकरी तापले.

"देवाक काय होवचा नाय. काठी धरणारो भाजतलो."

"मग तुमच्या घराक देव येवचो नाय!"

"नाय तर नाय. मी येतंय थंय."

नारळ घेऊन ते बाहेर आले, पाणंदीच्या धुळीत गुडघे टेकले. नारळ घेतला गेला, पण त्यांच्याशी कोणी बोललं नाही. ढोल पुढे गेले. सकाळी सारवलेल्या खळ्यात त्यांनी स्वतः काढलेली वाकडीतिकडी रांगोळी तशीच राहिली. तिच्यावर पाय पडले नव्हते.

मी जरा वैतागूनच विचारलं, "आबानू, एवढा भय, तर तार तुमच्याच खळ्यावर इली कशी?"

"पयली ती तुझ्या खळ्यावरसून नेवची होती," आबा म्हणाले. "तुझी पोरां आंबे काढूक दिसभर लांब बांबू घेवन नाचतत. मीयाच सांगलंय, माझ्याकडसून न्या." रांगोळी चुकवून ते पडवीकडे वळले. "माझ्याकडे कोण येता खेळूक?"

दुसऱ्या दिवशी मी पोरांना विटीदांडू देऊन तिकडे पाठवलं. आबांनी दांडू हातात घेतला, वर तारेकडे पाहिलं, पुन्हा दांडूकडे पाहिलं.

"खेळा," म्हणाले, आणि पडवीच्या पायरीवर बघत बसले.